पुरुषांची गावकी

गेल्या गणपतीनंतर माझ्या मुलाचं मनगट मोडलं. मित्राच्या मोटरसायकलवर मागे बसून तो रत्नागिरी शहरातून मिरकरवाड्याला येत होता. पावसाने रस्त्याची चाळण झालेली. जेटीकडे वळायच्या आधी एक खड्डा आला, गाडी उसळली आणि हा मागच्या मागे पडला. मित्राला खरचटलंसुद्धा नाही. प्लास्टर घालताना डॉक्टरांनी सहज विचारलं, "धरून बसला नव्हतास का रे?" तो म्हणाला, "धरली होती ना, मागची दांडी." घरी आल्यावर मी पुन्हा विचारलं तेव्हा खरं काय ते बाहेर आलं. "पप्पा, त्याच्या कमरेला धरून बसलो असतो तर पोरांनी गे म्हणून चिडवलं असतं."

मुलगा अठरा वर्षांचा आहे. वर्गातल्या एका मुलीवर त्याचा जीव आहे हे त्याच्या आईला माहीत आहे, आणि तिच्याकडून मलाही. म्हणजे स्वतःबद्दल त्याला कसलीच शंका नाही. तरी हाड मोडलेलं चाललं, पण मित्राच्या कमरेला हात नको. त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण ही भीती माझ्या ओळखीची होती. तिच्यापायी मीही एकदा काहीतरी मोडलं होतं, आणि ते माझं हाड नव्हतं.

मी जेटीवर एका मालकाच्या बोटींचा हिशेब लिहितो. डिझेल किती, बर्फ किती, जाळ्याच्या दुरुस्तीला किती गेले, कुठल्या खलाशाने किती उचल घेतली, लिलावात बांगड्याला काय भाव आला. तीस वर्षं हेच काम. आमच्याकडे नेपाळी खलाशी बरेच. बोट लागली, मासळी उतरली, की जाळ्याच्या ढिगावर दोघं-तिघं एकमेकांच्या अंगावर पाय टाकून झोपतात. संध्याकाळी बाजारात निघाले की करंगळीत करंगळी अडकवून चालतात. घरापासून इतक्या लांब आलेल्या माणसाला दुसऱ्याचा हात लागतो, यापलीकडे त्यात मी कधी काही पाहिलं नाही. आमच्या पिढीची पोरंही अशीच चालायची. भगवती किल्ल्यावर जायचं तर चौघं एकमेकांच्या गळ्यात हात टाकून, रस्ता अडवून. आता पोरं मोटरसायकलवर बसतात तेव्हा दोघांच्या मध्ये दप्तर ठेवतात. मोबाईलवरून 'गे' हा शब्द आला आणि खांद्यावरचा हात गेला.

पण आमचा काळ निर्मळ होता असं म्हटलं तर ते खोटं होईल. आमच्याकडे 'गे' नव्हतं, 'बायल्या' होतं. हा शब्द मी आयुष्यभर ऐकला, वापरलाही, आणि त्यात काय दडलंय ते फार उशिरा लक्षात आलं. कोणाला कोणाबद्दल ओढ वाटते याच्याशी त्या शब्दाचा काही संबंध नाही. त्यात फक्त बाई आहे. हळू बोलणारा, रडणारा, घरात भाजी चिरणारा, मारामारीत मागे सरणारा, हे सगळे बायल्या. 'बांगड्या भर' हीसुद्धा तीच शिवी. सकाळी जेटीवर येऊन पाहा. हातात कोपरापर्यंत बांगड्या घातलेल्या बायका लिलावात पुरुषांच्या आवाजावर आवाज चढवून भाव पाडतात, बर्फासकट पाटी डोक्यावर घेतात, दिवसभर उन्हात बसून मासळी विकतात, नवऱ्याचं कर्ज फेडतात आणि पोरांच्या फिया भरतात. त्यांच्याच समोर एक तांडेल दुसऱ्याला ओरडतो, "बांगड्या भरल्यास काय?" आणि त्या बायकाही हसतात. मीही हसत आलो.

कोणी मला डावखुरा म्हटलं तर मी भांडायला उठणार नाही. मी डावखुरा नाही, म्हणून नुसता 'नाही' म्हणेन आणि पुढच्या कामाला लागेन. मग 'तू तसा आहेस' म्हटल्यावर रक्त का तापतं? आरोप तेवढाच खोटा असतो. दोन्हींत फरक एकच. डावखुऱ्याला आपण कमी लेखत नाही. जी गोष्ट आपण स्वतः खालची मानतो, तिचंच नाव अंगाला चिकटलेलं आपल्याला सहन होत नाही. याचा अर्थ, बाईला खाली ठेवलं आहे आणि पुरुषाला जन्मतःच एक पायरी वर बसवलं आहे, हे प्रत्येक पुरुषाला आतून पक्कं ठाऊक असतं. ती पायरी त्याने कमावलेली नसते, म्हणून ती कधीही काढून घेतली जाईल असं त्याला वाटत राहतं. पुरुषावर प्रेम करणारा पुरुष त्याला भिववतो, कारण लोकांच्या हिशेबात तो त्या पायरीवरून स्वतःच्या पायाने उतरलेला असतो.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. मी वीस वर्षांचा असताना आमच्या वाडीच्या नमनाच्या खेळात राधा झालो होतो. १९९१ चा शिमगा. तोपर्यंत राधा करणारा मुंबईला कामाला गेला होता, आणि माझा आवाज बारीक, अंगकाठी शेलाटी. चुलत बहिणीचं मोरपंखी लुगडं, काकूच्या मोत्यांच्या कुड्या, केसाच्या गंगावनावर अबोलीचा वळेसर. मिशी नुकती कुठे फुटली होती, ती काढली. मृदंगावर माझा मित्र होता. सहावीपासूनचा. त्याची थाप पडली की माझं पाऊल आपोआप उचलायचं. तालमीत आम्ही महिनाभर तेवढंच घोटलं होतं. गणानंतर गवळण सुरू झाली, मी पदर सावरत पुढे आलो आणि समोरची माणसं क्षणभर गप्प झाली. तो क्षण मला अजून आठवतो. नंतर एका म्हाताऱ्या आजीने माझ्या गालांवरून हात फिरवून आपल्या कानशिलांवर बोटं मोडली, माझी दृष्ट काढली. बक्षिसं पुकारली गेली. बाईने स्टेजवर येऊ नये हा वाडीचाच नियम, म्हणून वाडीनेच एका पोराला बाई केलं होतं.

शिमगा संपला आणि जेटीवर मी 'राधाबाय' झालो. क्रेट उचलायला गेलो की कोणीतरी म्हणायचं, "हळू, लुगडं सुटेल." पहिले आठ दिवस मीही हसलो. मग माझ्या चालण्याकडे माझंच लक्ष जाऊ लागलं. पाय फाकून चालू लागलो. बोलताना हात हलायचे, ते खिशात घातले. आवाज मुद्दाम जाड केला. त्या वर्षी वाढवलेली मिशी मी अजून काढलेली नाही. मला मुली आवडायच्या, त्याबद्दल माझ्या मनात तेव्हाही गोंधळ नव्हता. पण मी काय आहे हे मला ठाऊक असून भागत नव्हतं. ते इतरांनी मान्य करायला हवं होतं, आणि रोज नव्याने.

कोकणातल्या माणसाला वाळीत टाकणं म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. गावकी बसते, कोणाचं काय चुकलं ते ठरतं, दंड होतो. दंड भरला नाही की त्याच्या घरी कोणी जेवायला जात नाही, मयताला खांदा देत नाही. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ साली स्वतंत्र कायदा केला, त्यात आपल्या रत्नागिरी-रायगडच्या अनुभवाचा वाटा मोठा होता. तशीच एक गावकी पुरुषांची आहे असं मला वाटतं. तिला देऊळ नाही, पंचांची नावं नाहीत, बैठक मात्र रोज भरते: जेटीवर, चहाच्या टपरीवर, कॉलेजच्या कट्ट्यावर. प्रत्येक पुरुष तिचा पंच आणि प्रत्येक पुरुष तिचा आरोपी. तिचा दंड भरण्याची सर्वांत स्वस्त रीत म्हणजे दुसऱ्या कोणाकडे तरी बोट दाखवणं.

मी ते केलं. जून लागायच्या आत बोटी ओढायची गडबड होती. दुपारच्या लिलावाला माझा मित्र नेहमीसारखा मागून आला आणि त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. समोर सात-आठ जण उभे होते. मी तो हात झटकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "हात काढ, बायल्या." लोक हसले. त्या दिवसापासून मला कोणी राधाबाय म्हटलं नाही. माझं नाव त्याला मिळालं. दोन वर्षांनी तो मुंबईला गेला. तो खरोखरच पुरुषांकडे ओढ असलेला होता हे मला कितीतरी वर्षांनी समजलं. माझ्याबद्दल त्याला तसं काही नव्हतं, हेही.

लोक म्हणतात, ही सगळी बाहेरून आलेली खुळं, आपल्या धर्मात असलं काही नाही. मी शास्त्र शिकलेलो नाही, पण भजन-कीर्तनात वाढलो आहे. आमच्या वारकऱ्यांचा देव कमरेवर हात ठेवून उभा असलेला पुरुष, आणि त्याला आपण विठाई म्हणतो. ज्ञानेश्वर विशीत समाधी घेतलेला मुलगा, त्याला माउली म्हणतो. वारीत दाढीमिशीचे दोन बाप्ये उराउरी भेटतात आणि एकमेकांना माउली म्हणून पायांवर वाकतात, तेव्हा कोणाचा पुरुषपणा उणा होत नाही. ज्ञानोबांनी विरहिणी लिहिल्या, नाथांनी गवळणी. देवासाठी झुरणाऱ्या बाईचा आवाज त्यांनी स्वतःच्या तोंडी घेतला. मी राधा झालो तेव्हा मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण आज वाटतं, जीवाने देवापुढे कसं उभं राहावं ते दाखवायला संतांना गोपीच सापडली. ताठ मान, जाड आवाज आणि फाकलेले पाय घेऊन त्या दारात जाता येत नाही.

विराटपर्वातली गोष्ट तर कीर्तनकार हमखास सांगतात. अर्जुन वर्षभर बृहन्नडा होऊन राजवाड्यात मुलींना नाच शिकवतो. कौरव गाई पळवतात तेव्हा राजपुत्र उत्तर मोठ्या गप्पा मारत निघतो, आणि सैन्य पाहिल्याबरोबर रथातून उडी टाकून पळतो. त्याला पकडायला बृहन्नडा मागे धावते, पाठीवर वेणी उडतेय, आणि ते पाहून कौरवांचे सैनिक हसतात. रणातून पळणारा सर्वांच्या लेखी पुरुष होता, आणि वेणी घातलेला अर्जुन. त्या गोष्टीत बृहन्नडा होणं हा शाप आहे, हे मी विसरत नाही. धर्माने दारं उघडलीत तशी लावलीही आहेत. आमच्या शेजारच्या मशिदीत नमाजाला सफ म्हणजे रांग लागते, तेव्हा दोघांच्या मध्ये फट राहू नये म्हणून खांद्याला खांदा भिडवायचा असतो. माझ्या शेजाऱ्याने ते मला समजावून सांगितलं होतं. त्या सफेत किंवा आमच्या गावदेवाच्या, भैरीच्या पालखीखाली 'मी समलिंगी आहे' असं सांगून कोणी उभा राहिला, तर खांदे किती पटकन बाजूला सरतील हेही आम्हा दोघांना माहीत आहे. तरी माझं म्हणणं असं, की देवापुढे जो खांदा चालतो तो रस्त्यावर चालत नसेल, तर खोट खांद्यात नाही.

कलेतही आपण असेच वागलो. बाईच्या भूमिका करणाऱ्या बालगंधर्वांना ती पदवी लोकमान्य टिळकांनी दिली असं सांगतात. त्यांच्या शालूची आणि वेणीची नक्कल घरंदाज बायकांनी केली, सरकारने १९६४ साली पद्मभूषण दिलं. आणि तमाशापटांत नाच्या रंगवणारे गणपत पाटील? घरी बायको-मुलं असलेला संसारी माणूस. ते तर लुगडंही नेसले नव्हते, फक्त कमरेवर हात ठेवून लचकले होते. पण पडद्यावरचा नाच्या आणि घरातला बाप यांत लोकांनी फरकच ठेवला नाही. त्याचा त्रास त्यांच्या घरच्यांपर्यंत पोचला. ते २००८ साली गेले. दोनच वर्षांनी 'नटरंग' सिनेमा आला. आनंद यादवांच्या कादंबरीतला गुणा पैलवान आहे, कुस्तीतलं शरीर मोडून नाच्या होतो आणि गाव त्याला चिरडतं. आम्ही तो सिनेमा रत्नागिरीत पाहिला. बाहेर पडताना माझी बायको रडत होती आणि माझ्या मागचा एक माणूस नाच्याची नक्कल करत होता.

अशा विषयांवर उघड बोलणारेही इथे होते. याच जिल्ह्यातल्या, दापोलीजवळच्या मुरूडच्या घराण्यातल्या र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत, मरेपर्यंत, 'समाजस्वास्थ्य' चालवलं. वाचक लाजेने कोणाला न विचारलेले प्रश्न त्यांना विचारायचे आणि ते सरळ उत्तरं द्यायचे, समलिंगी ओढीबद्दलसुद्धा. अशाच उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. वकील होते डॉ. आंबेडकर. कर्व्यांना दंड झाला. त्याला आज नव्वद वर्षं होऊन गेली. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की दोन सज्ञान माणसांचं राजीखुशीचं प्रेम हा गुन्हा नाही. १८६० सालच्या दंडविधानातला तो डाग निघाला. पण न्यायालयाचा निकाल पुरुषांच्या गावकीला लागू होत नाही, नाहीतर माझ्या मुलाचं मनगट शाबूत राहिलं असतं.

निकालानंतरच्या शिमग्याला माझा मित्र आला. वडील आजारी होते म्हणून आला होता. पालखी नाचवताना दांड्याखाली सारख्या उंचीची माणसं लावावी लागतात, नाहीतर भार एकाच बाजूला येतो. आमची उंची पहिल्यापासून सारखी. कोणीतरी आम्हाला पुढे-मागे उभं केलं. ढोल वाजत होते, बोलणं शक्य नव्हतं. मी त्याच्या घामाने भिजलेल्या पाठीकडे बघत नाचत होतो. पालखी सहाणेवर बसल्यावर मी त्याला बाजूला नेलं आणि माफी मागितली. म्हटलं, त्या दिवशी लिलावात मी तुला जे बोललो ते मी विसरलेलो नाही. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "शब्दाचं काय, शब्द मला सगळेच बोलायचे. दुसऱ्या दिवशी तू माझ्या बाजूला उभा राहिला नाहीस, पलीकडे जाऊन उभा राहिलास. ते लागलं."

हे सगळं मी मुलाला सांगितलं. प्लास्टर असलेला हात उशीवर ठेवून त्याने ऐकून घेतलं. राधेचं ऐकून चकित झाला. राधेच्या वेशातला माझा फोटो मी घरात कधी लावला नव्हता. शेवटी त्याने एकच विचारलं, "मग तुम्ही काय करायला पाहिजे होतं?" त्याला जे सांगितलं तेच हे वाचणाऱ्यांना, विशेषतः माझ्यासारख्या बापांना, सांगतो. जेटीवर, कॉलेजात, भावकीच्या जेवणात कोणी एखाद्या पोराला बायल्या म्हणेल. भाषण करू नका, भांडूही नका. फक्त हसू नका, आणि त्याच्या बाजूला जाऊन उभे राहा. लिलाव संपेपर्यंत.